अपघातानंतरचा पेपर : नुकसानभरपाईचे गणित आणि वकिलाची निवड

हिंजवडी म्हटले की आपल्याला आधी कंपन्या आठवतात, मग प्लेसमेंट आणि मग पॅकेज. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेजमध्ये रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यात आपले सीनियर आहेत, इंटर्नशिपला जाणारे आपण आहोत, आणि माण-मारुंजीला खोली घेऊन राहणारे तर कितीतरी. वाकडच्या पुलापासून शिवाजी चौकापर्यंत एकाच रस्त्यावर आपली बाइक, कंपनीची बस, पीएमपी, पाण्याचा टँकर आणि रेडीमिक्स काँक्रीटचा मिक्सर एकमेकांना घासून चाललेले असतात.

२४ जानेवारी २०२५ ला माणच्या वडजाईनगर कॉर्नरला असाच एक मिक्सर वळणावर उलटला आणि स्कूटरवरच्या दोन विद्यार्थिनी त्याखाली सापडून गेल्या. त्याचा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर आला. आपण हळहळलो, फॉरवर्ड केला आणि लेक्चरला गेलो. पण अशा घटनेनंतर घरच्यांचे काय होते? दवाखान्याचे बिल कोण भरते? पाय गेलेल्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांची किंमत कोण ठरवते आणि कशी? हा भाग कुठल्याच व्हिडिओत नसतो. आपल्या सिलॅबसमध्ये तर नाहीच नाही.

या लेखात तोच भाग समजून घेऊ. सगळ्या लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर, अपघाताची नुकसानभरपाई म्हणजे सरकारने किंवा विमा कंपनीने दिलेली मदत नव्हे. ते एक गणित आहे, त्याचा फॉर्म्युला ठरलेला आहे, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक कागद लागतो. चांगला वकील म्हणजे तो कागद वेळेत गोळा करून घेणारा माणूस.

एक अपघात, दोन केसेस

सर्वात मोठा गैरसमज आधी दूर करू. "पोलीस केस झाली आहे ना, मग भरपाई मिळेलच," असे बरेच जण समजतात. तसे नसते. एका अपघातातून दोन वेगळ्या केसेस निघतात.

पहिली फौजदारी. ती सरकार विरुद्ध ड्रायव्हर अशी असते. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेखाली चालते. निष्काळजीपणे मृत्यूला कारण होण्याचे कलम १०६ आणि बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ ही त्यातली नेहमीची. यात शिक्षा होते ती ड्रायव्हरला. जखमीच्या हातात यातून फारसे काही पडत नाही.

दुसरी भरपाईची. ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते. आपल्या भागासाठी ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. इथे अर्जदार आपण, आणि समोर ड्रायव्हर, गाडीमालक व त्यांची विमा कंपनी. फौजदारी केसमध्ये गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे मात्र 'असे घडले असण्याची शक्यता जास्त आहे' एवढे दाखवले तरी चालते. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून आपला दावा आपोआप बुडत नाही.

आणखी एक गोष्ट, खास हॉस्टेलवाल्यांसाठी. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असे नाही. अर्जदार जिथे राहतो तिथेही करता येतो. म्हणजे लातूरच्या मुलाला हिंजवडीत अपघात झाला, तर त्याचे आई-वडील लातूरच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात. प्रत्येक तारखेला पुण्याची एसटी पकडायची गरज नाही.

पहिले आठ दिवस

जखमी माणूस स्वतः काही करू शकत नाही. त्यामुळे हे काम मित्रांचेच असते. म्हणून नीट वाचा.

१) आधी जीव, मग बाकी सगळे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. "नसती भानगड" म्हणून पुढे निघून जायचे कारण आता उरलेले नाही.

२) पैशांसाठी उपचार अडू देऊ नका. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. दवाखान्यात गेल्यावर हा प्रश्न मोठ्याने विचारा.

३) केसपेपरवर 'रस्ता अपघात' असे लिहून घ्या. दवाखान्याच्या भाषेत त्याला एमएलसी म्हणतात. घाईत "पडला" एवढेच लिहिले गेले, तर वर्षभराने विमा कंपनीचा वकील नेमके तेच वाचून दाखवतो की हा जिन्यावरून पडला होता!

४) एफआयआर. हिंजवडी पोलीस ठाणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे. बाणेर-बालेवाडीची हद्द पुणे शहराची. हद्दीवरून कोणी टोलवाटोलवी केली तर शांतपणे सांगा की कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. गाडीचा नंबर, दिशा आणि वेळ बरोबर लिहिली आहे का ते वाचा, मगच सही करा.

५) पुरावा वाळायच्या आत गोळा करा. दोन्ही गाड्यांचे फोटो, ब्रेकच्या खुणा, वळण, खड्डा. आजूबाजूच्या कंपनीचे किंवा सोसायटीचे सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना लेखी कळवा, कारण फुटेज काही दिवसांत पुसले जाते. समोरच्या गाडीचा विमा कोणाचा आहे ते नंबरवरून परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर दिसते.

६) एक फाइल करा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधाची प्रत्येक पावती, रिक्षाचे भाडे, फिजिओथेरपीच्या तारखा. कच्ची बिले नकोत, पक्की हवीत. सबमिशनची फाइल आपण रात्रभर जागून करतोच. ही फाइल त्याहून महत्त्वाची आहे.

पोलिसांचेही यात एक सबमिशन असते. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत अर्जदाराला व विमा कंपनीलाही मिळाली पाहिजे. "अहवाल गेला का साहेब?" हे अधूनमधून विचारत राहायला हरकत नाही.

आता गणित

इथे आपला विषय सुरू होतो. इजा कायमची असेल तर भविष्यातल्या कमाईचे नुकसान असे काढतात :

नुकसान = वार्षिक उत्पन्न × भविष्यातील वाढ × गुणक × कमाईक्षमतेतील घट

एकेक व्हेरिएबल पाहू.

गुणक : सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार कोष्टक दिले. १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. पुढे तो उतरत ६५ च्या वर ५ होतो. आपल्या वयाला म्हणजे सर्वात मोठा गुणक.

भविष्यातील वाढ : आज मिळतो तोच पगार माणसाला जन्मभर मिळत नाही. म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या माणसाला कायम नोकरी असेल तर ५० टक्के, आणि स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० टक्के वाढ धरतात.

उत्पन्न : नोकरदाराला पगारपत्रक आणि आयकर विवरण लागते. पण विद्यार्थ्याचे काय? त्याचे उत्पन्न शून्य म्हणून नुकसानही शून्य, असे कोर्ट म्हणत नाही. तो काय कमावू शकला असता ते अंदाजाने ठरवतात. त्याला मानीव उत्पन्न म्हणतात. त्यासाठी ठरलेला आकडा नाही. शाखा, वर्ष, मार्क, इंटर्नशिपचे पत्र, प्लेसमेंटचे ऑफर लेटर हे सगळे पुरावे म्हणून चालतात. म्हणजे मार्कशीटचा उपयोग कोर्टातसुद्धा होतो!

कमाईक्षमतेतील घट : हे सर्वात फसवे व्हेरिएबल. डॉक्टरांचा दाखला 'उजव्या पायाचे ६० टक्के अपंगत्व' असे सांगतो. ते पायाचे प्रमाण झाले, संपूर्ण शरीराचे नव्हे. आणि कमाईवरचा परिणाम ही तिसरीच गोष्ट. २०११ च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे छान समजावले आहे. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार यांची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. इजा तीच, नुकसान वेगळे. म्हणून नुसता दाखला पुरत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते आणि या मुलाला नेमके कोणते काम आता जमणार नाही ते सांगून घ्यावे लागते. साइटवर चढणारा सिव्हिलवाला आणि खुर्चीत बसून कोडिंग करणारा कॉम्प्युटरवाला यांच्या गुडघ्याची किंमत कोर्टात सारखी नसते.

एक उदाहरण सोडवू. समजा, थर्ड इयर मेकॅनिकलचा एक काल्पनिक विद्यार्थी, वय २१. मानीव उत्पन्न महिना २०,००० रुपये, कमाईक्षमतेतील घट ४० टक्के.

वार्षिक उत्पन्न : २०,००० × १२ = २,४०,०००
४० टक्के वाढीसह : ३,३६,०००
गुणक १८ : ६०,४८,०००
त्याचे ४० टक्के : २४,१९,२०० रुपये

हे फक्त कमाईचे झाले. यात झालेला आणि पुढे होणारा वैद्यकीय खर्च, शुश्रूषा करणाऱ्याचा खर्च, खास आहार, प्रवास, वेदना, आयुष्यातल्या आनंदाला मुकणे, वाया गेलेले शैक्षणिक वर्ष हे वेगळे मागता येते. अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याजही मागता येते. पण मागितले तर! अर्जात जे लिहिलेच नाही, त्याचा पुरावा पुढे आणणार कसा?

मृत्यू झाला असेल तर फॉर्म्युल्यात घट येत नाही, पण त्या माणसाचा स्वतःचा खर्च वजा होतो. अविवाहितासाठी तो साधारण निम्मा धरतात, विवाहितासाठी अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश. आई-वडिलांना पुत्र किंवा कन्या गमावल्याबद्दलची रक्कम निराळी मिळते. आकडे लिहिताना हात जड होतो हे खरे. पण आई-वडिलांना त्या दिवसांत हे कोणी सांगितले नाही, तर समोरची कंपनी देईल तेवढ्यावर ते सही करून मोकळे होतात.

बावीस लाखांचे अंतर

हे गणित आपल्याच वयाच्या मुलाच्या बाबतीत कसे चालले याची एक खरी केस आहे. जानेवारी २०१७ मध्ये कोइमतूरजवळ अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारने हायवेवर अचानक ब्रेक दाबला, कारण चालवणाऱ्याच्या गरोदर पत्नीला उलटीसारखे झाले होते. मोटारसायकल कारला मागून धडकली, मुलगा रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. डावा पाय कापावा लागला.

न्यायाधिकरणाने चूक वाटून भरपाई ठरवली, उच्च न्यायालयाने ती ५८ लाखांच्या आसपास खाली आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. हायवेवर गाड्या वेगाने चालतात हे माहीत असताना सूचना न देता मध्येच थांबणे हा निष्काळजीपणाच, असे म्हणून कारवाल्यावर ५० टक्के आणि बसवर ३० टक्के जबाबदारी टाकली. मानीव उत्पन्न महिना २०,००० धरले. एकूण भरपाई १,१४,२४,०६६ रुपये निघाली.

पण मुलाच्या हातात आले ९१,३९,२५३. बाकीचे कुठे गेले? पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवले नव्हते आणि लायसन्सही नव्हते, म्हणून त्याची स्वतःची चूक २० टक्के धरली गेली. जवळजवळ २२ लाख ८५ हजार रुपये! पाय गेल्यावर वर हे.

कायद्यात याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. वरच्या आपल्या उदाहरणात २० टक्के चूक धरली तर २४,१९,२०० चे १९,३५,३६० होतात. अर्थात प्रत्येक नियमभंगाला कात्री लागतेच असे नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाइकवर तिघे होते एवढ्याने चूक ठरत नाही. तिघे असल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. म्हणजे इथेही 'कॉज अँड इफेक्ट' लागतो. पण म्हणून ट्रिपल सीट जायला परवानगी मिळाली असे समजू नका. डोक्याला मार असेल आणि हेल्मेट नसेल, तर समोरचा वकील तो मुद्दा काढणारच.

सगळे अपघात एका साच्यातले नसतात

मित्राची बाइक : आपल्यात हे सर्रास चालते. "चावी दे रे, वाकडला जाऊन येतो." आपणच घसरून पडलो आणि दुसरे वाहनच नसेल, तर थर्ड पार्टी विम्यातून आपल्याला भरपाई मिळत नाही. २००९ च्या एका निकालानुसार गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी येतो, आणि मालक स्वतःसाठी 'तिसरा' नसतो. आणि लायसन्स नसताना आपण कोणाला उडवले, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन तेच पैसे मित्राच्या वडिलांकडून वसूल करू शकते. मैत्रीत एवढा बोजा टाकू नये.

मागे बसणारा : आपली गाडी पॅकेज पॉलिसीची असेल तर मागे बसणारा त्यात धरला जातो. फक्त कायद्यापुरती, स्वस्तातली पॉलिसी असेल तर कंपनी हात वर करू शकते. गाडीचे कागद आज घरी जाऊन पाहा.

ठोकर मारून पळालेली गाडी : गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. हा अर्ज कोर्टात नाही तर महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करतात. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, आणि तालुक्याचे ठिकाण पौड.

चूक सिद्ध करणे अवघड असेल तर : कलम १६४ खाली चूक न दाखवताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ही ठरावीक रक्कम मिळते. पण ही घेतली की १६६ खालचा मोठा दावा हातचा जातो. त्यामुळे वरचे गणित करून मगच ठरवा.

खड्डा : १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचे आदेश दिले. ती देण्याची जबाबदारी त्या रस्त्याच्या यंत्रणेवर टाकली. आपल्याकडे खरा प्रश्न असतो तो रस्ता कोणाचा हा : एमआयडीसीचा, पीएमआरडीएचा, महापालिकेचा की महामार्ग प्राधिकरणाचा? पंचनाम्यात 'खड्डा' हा शब्द आणि त्याचा फोटो आला पाहिजे.

नोकरीवर जाता-येता : हे जरा पुढचे, पण कॅम्पसमध्ये सिलेक्ट झालेल्यांनी लक्षात ठेवावे. आताच्या धाराशिव जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक वॉचमन २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेला. तो 'कामावर' होता की नाही यावर त्याच्या कुटुंबाने बावीस वर्षे कोर्टात काढली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की घर ते कामाची जागा हा प्रवास, वेळ, ठिकाण आणि कामाशी संबंध दिसत असेल, तर नोकरीच्या ओघातलाच धरायचा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आता ही तरतूद आहे. अशा वेळी मालकाकडून भरपाई किंवा मोटार अपघात दावा, यातला एकच मार्ग निवडावा लागतो. निवडण्याआधी दोन्हींचे गणित वकिलाकडून करून घ्या.

वकील कसा शोधायचा?

अमेरिकन सिनेमात आपण पाहतो, वकील दवाखान्यात कार्ड वाटतो आणि म्हणतो, जिंकलो तरच फी. आपल्याकडे हे दोन्ही चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, अशिलाच्या मागे लागता येत नाही, आणि निकालावर अवलंबून फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. अपघाताच्या दाव्यात टक्केवारीने फी मागून एका विधवा बाईंकडून चेक घेतलेल्या वकिलाची केस २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली होती. अशी टक्केवारी कायद्याला मान्य नाही, असे सांगून कोर्टाने ती चेकची केसच रद्द केली.

म्हणून वॉर्डाच्या बाहेर कोणी गोड बोलून "क्लेमचे सगळे मी बघतो, तीस टक्के द्या, इथे सही करा" म्हणाला, तर तो बहुधा एजंट असतो. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. कोऱ्या चेकवर तर नकोच नको.

मग कुठे शोधायचा? एक सोपा उपाय : शिवाजीनगरच्या कोर्टात न्यायाधिकरणाच्या खोलीत एक दिवस जाऊन बसा. सुनावणी पाहायला साधारणपणे मज्जाव नसतो. कोण तयारीने येते, कोण नुसती पुढची तारीख मागते, हे अर्ध्या दिवसात कळते. ओळखीच्या वकिलांना विचारा की स्वतःच्या घरात असा प्रसंग आला तर तुम्ही कोणाकडे जाल. मग दोघा-तिघांना भेटा आणि हे प्रश्न विचारा :

१) तुमचा सनद नंबर काय? (विचारण्यात अपमान नाही.)
२) तुम्ही अर्जदाराच्या बाजूने अपघाताचे दावे चालवता की विमा कंपनीच्या?
३) उत्पन्न आणि अपंगत्व कसे सिद्ध करणार? डॉक्टरांना साक्षीला बोलावणार का?
४) आमच्या बाजूची कमकुवत जागा कोणती?
५) फी एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, आणि टायपिंग, नकला, डॉक्टरांचा खर्च धरून की वेगळा?
६) तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर?

चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. "काही कमकुवत नाही, पन्नास लाख नक्की," असे पहिल्या भेटीत सांगणाऱ्यापासून जपून राहा. कागद न पाहता आकडा सांगणारा वकील म्हणजे लोड माहीत नसताना बीम डिझाइन करणारा इंजिनिअर. चांगला वकील आधी फाइल मागतो आणि मग शंभर प्रश्न विचारतो. उलटतपासणीत तेच प्रश्न येणार असतात. त्यामुळे ही आपली मॉक व्हायवा समजा आणि त्याच्यापासून काही लपवू नका. लायसन्स नव्हते तर नव्हते. ते समोरच्याला कळणारच आहे.

वकील परवडत नसेल तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. ज्याची केस त्याची आई अर्जदार असेल, तर ती महिला म्हणूनच पात्र आहे. हे एवढे साधे वाक्य कितीतरी घरांना माहीत नसते.

घाई कशाची करायची आणि कशाची नाही

अर्जाची घाई करा. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका असे सांगितले. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहण्यापेक्षा सहा महिन्यांत अर्ज टाकलेला बरा.

तडजोडीची घाई मात्र करू नका. विमा कंपनी लवकर रक्कम देऊ करते तेव्हा ती कधी रास्त असते, कधी फारच कमी. ऑपरेशन व्हायचे आहे, अपंगत्व किती राहणार ते ठरलेले नाही, अशा वेळी 'पूर्ण व अंतिम' या दोन शब्दांखाली सही करणे म्हणजे अर्धे रीडिंग घेऊन ग्राफ काढणे. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते आणि ते चांगलेच आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही. म्हणून आपला आकडा आधी कागदावर काढा आणि मगच लोकअदालतीत बसा. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते.

आणि पैसे आले की ते कोणाच्या खात्यात येतात हे पाहा. थेट अर्जदाराच्याच बँक खात्यात रक्कम जमा व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. "माझ्या खात्यातून देतो" असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

थोडक्यात काय, तर फॉर्म्युला कोर्टाने दिलेला आहे, गुणक कोष्टकात आहे. आपल्या हातात आहेत ते इनपुट. त्यातले निम्मे अपघातानंतरच्या आठ दिवसांत ठरतात. आणि उरलेले? ते अपघाताच्या आधीच ठरलेले असतात : खिशातले लायसन्स, चालू असलेला विमा, डोक्यावरचे हेल्मेट आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर. हा लेख वाचून झाल्यावर एकच करा. गाडीच्या विम्याची शेवटची तारीख पाहा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की ते कागद कुठल्या कप्प्यात आहेत.